अहवाल ठीक, मग मासे का मेले?

खाणीतून सोडलेल्या पाण्याचा अहवाल 'सर्व घटक मर्यादेत' असा आला की सगळे निर्धास्त होतात. पण तांबे, जस्त, अमोनिया एकेकटे मर्यादेत असले, तरी एकत्र येऊन जलचरांच्या जिवावर उठू शकतात. म्हणूनच डॅफ्निया या इवल्याशा जलचराला त्या पाण्यात 48 तास आणि माशांना 96 तास ठेवून किती जगतात ते पाहतात. मेले, तर खरा तपास तिथून सुरू होतो. नमुन्यात ईडीटीए हे धातूंना जखडून ठेवणारे रसायन घातल्यावर विषारीपणा उतरला तर संशय धातूंवर. पीएच वाढवल्यावर, म्हणजे पाणी अधिक अल्कधर्मी केल्यावर, चढला तर अमोनियावर. हा अमोनिया बऱ्याचदा सुरुंगाच्या न जळलेल्या अमोनियम नायट्रेटमधून येतो. गंमत म्हणजे धातू खाली बसवायला चुना ओतला की पीएच वाढतो आणि तोच अमोनिया अधिक घातक होतो! दोषी न ओळखता केलेला उपचार असा अंगाशी येतो. सुरुंग भरतानाची सांडलवंड थांबवणे तुलनेने सोपे, पण तिकडे लक्ष देतो कोण? परवान्यात रासायनिक आकड्यांबरोबर ही जैवचाचणी आणि ती नापास झाल्यास कारणाचा शोध, दोन्ही सक्तीचे करावेत. अहवालही लोकांना वाचायला मिळावेत.

– एक वाचक