मंत्रिमहोदय, टेलपर्यंत फक्त पेट्रोल पोचलं

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

कालव्याचं उन्हाळी आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, यंदा 'टेल टू हेड' देऊ, शेवटच्या शेतकऱ्याचं रान भिजल्याशिवाय वरची दारं उघडू देणार नाही, असं तुम्ही बैठकीत सांगितलंत. पेपरात फोटोसकट आलं. गेल्या आठवड्यात आवर्तन संपलं. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या चारीला पाणी आलंच नाही.

वडलांनी पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज मुदतीत भरला होता, थकलेली पाणीपट्टी चुकती केली होती. तरी मका उभा वाळला, कडवळ वाळलं, वैरण विकत घेणं परवडेना म्हणून दावणीची एक गाय बाजारात गेली. आईनं त्या दिवशी धार काढली नाही, मलाच फोन करून ओरडली. मी पुण्यात, हडपसरला नोकरीला. कचेऱ्यांना फोन लावणं हेच माझ्या वाट्याचं शेतकाम. पाटबंधारेचे साहेब म्हणाले, "वरनंच विसर्ग कमी पडला." वर म्हणजे कुठं, साहेब? कालव्याच्या कडेनं गाडीवर या, दोन्ही अंगांना डोक्याएवढा ऊस आणि कालव्यात सोडलेले पाइप दिसतील. मोजायलाही बसू नका, दमाल.

आता त्या ऊसाचं पुढं काय होतं ते मी रोज गाडीत भरतो. पंपावरचं पेट्रोल ई-२०, म्हणजे पाच लिटरमागे एक लिटर इथेनॉल. सगळंच काही ऊसाचं नसतं, मका आणि तांदळाचंही असतं. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की साखरेपासूनच्या एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. दहा हजार लिटरच्या टँकरमागे साडेतीन लिटर इथेनॉल. तज्ज्ञ म्हणतील, मळी, म्हणजे साखर काढून उरलेला पाक, तर साखरेबरोबर निघतेच, तिच्या इथेनॉलवर सगळं पाणी कशाला चढवता? मान्य. पण मग ऊसाच्या रसापासून थेट इथेनॉल काढायला मुभा कुणी दिली? डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून त्याच रसावर बंदी आली, २०२४ मध्ये उठली. साखरेची काळजी वाटली तेव्हा एका आदेशात यंत्रणा हलली. पाण्यासाठी असा आदेश निघालेला मला तरी आठवत नाही.

मक्याचीही तीच तऱ्हा. आपण मका परदेशात विकत होतो, तो इथेनॉलकडं वळला आणि २०२४ मध्ये बाहेरून आणायची वेळ आली. कोंबडीखाद्य महागलं ते वेगळंच. पण अन्नदाता आता ऊर्जादाता झालाय ना, मग आनंद आहे. आमच्याकडे ऊर्जा भरपूर, गाईपुढं टाकायला काही नाही.

ऊस लावणाऱ्याला मी शिव्या देत नाही. एफआरपी, म्हणजे केंद्रानं बांधून दिलेला किमान भाव, २०२५-२६ च्या हंगामाला टनाला ३,५५० रुपये, पैसे रखडले तरी बुडत नाहीत बहुधा. ज्वारीला, तुरीला असा कोण विचारतो? पाणी असतं तर वडलांनीही ऊसच लावला असता. तुम्हीच कायदा, भाव आणि इथेनॉलची खरेदी अशी बांधलीय की शहाणा माणूस ऊसच लावेल. आणि मग त्याला 'आळशाचं पीक' म्हणायलाही तुम्हीच मोकळे!

राज्याच्या पीकक्षेत्रात ऊस चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाचं पाणी पितो सत्तर टक्के. आकडा केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाचा आहे, जुना झाला असेल. नवा तुमच्याकडे असेल तर छापा, मी माझा मागे घेतो. तुटीच्या खोऱ्यांत ऊस नको, हे राज्याच्या सिंचन आयोगानं, म्हणजे चितळे आयोगानं, १९९९ मध्ये सांगितलं. बारमाही पिकांना कालव्याचं पाणी ठिबक-तुषारवरच देण्याची तरतूद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. २०१७ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं, दोन वर्षांत कालव्यावरचा ऊस ठिबकवर. आमच्या वरच्या अंगाला आजही मोकाट पाटपाणी चालू आहे. आयोग, कायदा, निर्णय, तिन्ही झाले. आता फक्त पाणी वाचवायचं राहिलंय.

माझ्या मामाच्या विहिरीचं सांगून ठेवतो. शेजारी इथेनॉल काढणारी डिस्टिलरी झाली आणि काही वर्षांत पाणी तांबूस झालं, भांड्याला वास येऊ लागला. मळीच्या एक लिटर इथेनॉलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, निघतो. तक्रार केली तर नमुना घेऊन गेले. कुठं गेला तो नमुना, देवाला माहीत. तक्रार करायची कुणाकडं? पाण्याच्या बैठकीला पुढच्या खुर्चीवर कारखान्याचा माणूस, कारखान्याच्या सभेला पुढच्या खुर्चीवर पक्षाचा माणूस, आणि पुष्कळदा माणूस एकच. खुर्ची तेवढी बदलते.

मागणी फार नाही. प्रत्येक डिस्टिलरीनं किती ऊस गाळला, तो कुठल्या कालव्यावरचा आणि त्याला किती पाणी गेलं, हे दर हंगामाला गावोगावच्या चावडीवर लावा. नवा परवाना देताना आधी ते बघा. आणि पुढचं आवर्तन खरोखर टेलकडून सुरू करा. तुम्ही स्वतः चारीवर उभे राहिलात तर चहा आमच्याकडं, दूध मात्र पिशवीचं असेल.

उत्तर पाठवणार असाल तर 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे' एवढं वाक्य सोडून काहीही लिहा. ते वडलांकडं आधीच आलंय.

आपला,
टेलचा एक खातेदार, सध्या मुक्काम हडपसर, पुणे