टॅपेट कव्हर कोरडं आहे, काका

साखळी, गोवा

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले असते तर "गप रे, चहा टाक" म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचं दुखणं तुम्हाला ठाऊकच आहे. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कडेने तेल पाझरायचं, ते मॅनिफोल्डवर, म्हणजे धुराच्या गरम नळ्यांवर पडायचं आणि गाडी उभी राहिली की जळक्या तेलाचा वास थेट आत. एका गॅरेजने कव्हरखालचं रबरी पॅकिंग बदलून दिलं. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. परत नेली तर म्हणाले, बोल्ट अजून आवळू आणि वरून सिलिकॉन फासू.

तुम्ही मात्र पान्याला हातच लावला नाही. आधी कव्हरवरची रबरी नळी काढलीत, पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनमधला वायू सोडणारी छोटी झडप, उपसलात आणि माझ्या कानाशी हलवलात. काहीच आवाज नाही. चांगला असता तर खुळखुळला असता. आमचा काजळीने चिकटून बसला होता. पिस्टनच्या कडेने खाली उतरणाऱ्या वायूला बाहेरची वाट याच नळीने. ती तुंबली की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. नवं पॅकिंग बिचारं काय करणार? डिचोलीच्या खाणींवरचे ट्रक दुरुस्त करण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली, 2012 ला खाणी बंद पडेपर्यंत. ती नजर दुकानात विकत मिळत नाही.

बाकी काम तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलंत, त्याचे आभार वेगळे. स्टुलावर बसून नुसतं सांगत होतात. इंजिन पूर्ण थंड होऊ दे. प्लगच्या वायरींना चिकटपट्टीवर नंबर घाल. कव्हर निघालं की कॅमशाफ्टवर, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यावर, स्वच्छ फडकं घाल, कचरा आत पडता कामा नये. जुनं पॅकिंग खाचेतून काढताना उडदाच्या पापडासारखं कटकन मोडलं. उष्णतेने रबराचा जीवच गेला होता. दुसऱ्या प्लगच्या विहिरीत तेल साचलेलं दिसलं, तेव्हा "ही गोल सीलंपण बदल, नाहीतर गाडी मिसिंग मारेल" म्हणालात, म्हणजे ठिणगी चुकून इंजिन अडखळेल. खरवडायला मी पत्र्याची पट्टी उचलली, तर ती काढून घेऊन हातात जुनं एटीएम कार्ड दिलंत. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच पुन्हा गळती.

सिलिकॉन फक्त जिथे कॅमशाफ्टची कॅप हेडला, म्हणजे कव्हरखालच्या इंजिनच्या भागाला, भेटते, त्या कोपऱ्यांत, थेंबभर. जास्त लावलं तर ते आत पिळून निघतं, सुटतं आणि तेलाच्या जाळीत जाऊन बसतं. आणि बोल्ट! दहाचा गोटी पाना मी लांब दांड्याने धरला, तसे तुम्ही ओरडलात, "सवकास, सवकास!" दांडा मुठीजवळ धरायचा, जोर मनगटाचा, मधून सुरुवात करून आलटून पालटून बाहेर. या 6 मिलिमीटरच्या बोल्टांना बहुतेक गाड्यांत 10 न्यूटन-मीटरच्या आसपासच जोर लागतो. चाकाच्या नटाला शंभरेक. जास्त आवळलं की पॅकिंग चेपतं, कव्हर वाकतं, नाहीतर हेडमधले आटे जातात. मग खरा खर्च.

सिलिकॉन सुकायला रात्रभर गाडी तशीच ठेवली. नंतर चोर्ला घाटाने बेळगावला जाऊन आलो, चढावर एसी लावून. परत येऊन मागच्या कडेवर बोट फिरवलं, बोट कोरडं. वासही नाही. खर्च म्हणाल तर पॅकिंगचा सेट, पीसीव्ही आणि सिलिकॉनची एक ट्यूब. मजुरी तुम्ही घेतली नाहीतच.

आता टॅपेटची, म्हणजे झडपांजवळच्या फटीची, टकटक तेवढी राहिलीय. ती फट मोजायचं फीलर गेज आणून ठेवलंय, पण तुम्ही आल्याशिवाय कव्हर उघडणार नाही. चवथीच्या आधी एखाद्या सकाळी या, इंजिन थंड असेल. नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, पहिला घाणा तुमचा.

आपला,
वरच्या वाड्यावरचा शेजारी