वायफाय सुरू करून देणाऱ्या अनाम मंडळींचे आभार

खानापूर, निपाणी, बेळगाव भागात जुन्या लॅपटॉपवर उबंटू (लिनक्सवर आधारित मोफत संगणक-प्रणाली) वापरणाऱ्या आम्हा सर्वांतर्फे, नाव न सांगता मदत करून गेलेल्यांचे मनापासून आभार. कुणी मराठीत समजावलंत, कुणी कन्नडमध्ये.

वायफाय चालत नसेल तर ते कशानं अडलंय हे आधी 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा देऊन बघा, हे तुमचंच सांगणं. सॉफ्ट ब्लॉक (सॉफ्टवेअरनं केलेली अडवणूक) 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय'नं सुटतो. हार्ड ब्लॉक (बटणानं केलेली अडवणूक) असेल तर लॅपटॉपवरचं बटण शोधायचं, तिथे आज्ञा देऊन काही होत नाही.

खरी डोकेदुखी ब्रॉडकॉम कंपनीची बीसीएम ४३१४२ ही वायफाय चिप. तिचा ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर! फोन यूएसबी केबलनं जोडून टेथरिंग करायचं, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्यायचं, हा तोडगा नामी. मग 'बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स' हे ड्रायव्हरचं पॅकेज बसवायचं. सिक्युअर बूट (ओळखीच्या किल्लीची सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना ठरवलेला पासवर्ड रीस्टार्टनंतरच्या निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवा) निवडून द्यायचा. घाईत तो पडदा सोडला की किल्ली नोंदली जात नाही आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) ड्रायव्हरला दारातूनच परत पाठवतं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

वायफाय सारखं तुटत असेल तर नेटवर्कमॅनेजर या नेटवर्क सांभाळणाऱ्या सेवेच्या फाइलीत 'वायफाय.पॉवरसेव्ह' ३ चं २ करून (म्हणजे वीजबचत बंद करून) ती सेवा रीस्टार्ट करायची, हेही तुमच्यामुळेच कळलं.