मागचा रिपोर्ट फेकू नकोस

पंचवटी, नाशिक
१२ जानेवारी

प्रिय वैशू,

तुझा मेसेज लॅबमध्ये वाचला आणि तिथेच डोळे भरून आले. तेरावा आठवडा! प्रीएक्लॅम्पसियाबद्दल, म्हणजे गरोदरपणी बीपी वाढून अवयवांना इजा करणाऱ्या आजाराबद्दल, सांगायचंय; फोनवर घाईत निम्मं राहून जाईल, म्हणून लिहायला बसले.

मागच्या पावसाळ्यात वहिनीच्या पायांना सूज आली. बत्तिसावा आठवडा. 'या दिवसांत येतेच,' सगळे म्हणाले, मीही. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यावर कमी-जास्तची एकही खूण नाही. प्लेटलेट १ लाख ५८ हजार, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ०.९. रात्री तिची जुनी फाइल काढली. तिसऱ्या महिन्यात प्लेटलेट २ लाख ६० हजार होत्या आणि क्रिएटिनिन ०.५, त्यावर 'कमी' अशी खूणसुद्धा! दोन्ही कागद ओट्यावर शेजारी ठेवले आणि पोटात गोळाच आला. गरोदरपणी मूत्रपिंडं जास्त रक्त गाळतात, म्हणून ०.५ हेच तिचं नॉर्मल होतं. कागदावर छापलेली मर्यादा गरोदर बाईची नसतेच गं. प्लेटलेट थोड्या उतरतात, पण एक लाखाने?

लगेच बीपी घेतलं, १५०/९६. लघवीत प्रोटीन. प्रीएक्लॅम्पसियाच! त्याच रात्री ॲडमिट केलं. दोन आठवड्यांनी सिझर झालं, बाळ १ किलो ७०० ग्रॅमचं. आता मांडीवर मावत नाही.

या आजारात वार नीट रुजलेली नसते आणि तिच्यातून सुटणारी द्रव्यं आईच्या रक्तवाहिन्यांना इजा करतात; मग मूत्रपिंड, यकृत, प्लेटलेट सगळीकडे ते उमटतं. म्हणून डॉक्टर एसजीपीटी (यकृताची तपासणी), एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढतं ते), युरिक ॲसिडही बघतात. पण नुसत्या रक्तावर विसंबू नकोस, बीपी आधी. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर पित्त म्हणून अंगावर काढू नकोस.

आणि तुझ्या वेळी काकूंचं बीपी वाढलं होतं ना? ते डॉक्टरांना याच आठवड्यात सांग आणि ॲस्पिरिनचं विचार. या आजाराचा धोका जास्त असेल तर ती छोटी गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करतात. मनाने मात्र घेऊ नकोस. प्लेटलेट, क्रिएटिनिन, एसजीपीटी आत्ताच करून ठेव, पुढे ताडून बघायला.

डोहाळजेवणाला येशील तेव्हा साडीआधी फाइल पिशवीत घाल. काकूंना नमस्कार.

तुझीच,
मंगल