समुपदेशकांचा वार ठरवून द्या

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते सातवीचे वर्ग, पट ५८, शिक्षक तीन. दिवाळीच्या सुमारास गावातल्या बऱ्याच घरांना कुलपं लागतात. आईबाप ऊस तोडायला कोयत्यावर जातात. काही लेकरं त्यांच्यासोबत फडावर जातात, उरलेली आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात.

हे पत्र एका पोटदुखीमुळे लिहिते आहे.

सातवीतला एक मुलगा गेल्या नोव्हेंबरात रोज अकरा-साडेअकराला पोट धरून उठायचा. "मॅडम, पोट दुखतंय, घरी जाऊ का?" मी आधी ओव्याचं पाणी दिलं. मग आरोग्य केंद्रातून गोळ्या आणल्या. एकदा तर रागावले सुद्धा, कारण गणिताचा तास नेमका त्याच वेळी असायचा. असे तीन आठवडे गेले. एका दुपारी त्याला एकट्याला पाठवायचं मन झालं नाही, म्हणून सोबत गेले. घर आलं तरी तो आत जाऊन पडला नाही. मागच्या दारी गेला, गोठ्यात डोकावला, मग ओसरीवर आला. तिथे बाजेवर त्याचे वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांना बघितलं आणि पोरगं मटकन खाली बसलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणालं, "मॅडम, फवारणीचं औषध म्या कडब्याच्या गंजीत लपवून ठिवलंय. अण्णाला सापडू नये म्हनून."

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत त्यांचं नदीकाठचं दीड एकर रान मातीसकट वाहून गेलं होतं. त्या वर्षी वडील ऊसतोडीलाही गेले नाहीत. कुणाशी बोलत नव्हते, जेवत नव्हते. बारा वर्षांचं लेकरू रोज शाळेतून उठून बाप जागेवर आहे का, एवढंच बघायला घरी जात होतं.

साहेब, मी डी.एड. केलं आहे. अपूर्णांक कसे शिकवायचे ते मला नीट येतं. त्या ओसरीवर काय बोलायचं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. १४४१६ हा नंबर माहीत होता, कारण तो शाळेच्या भिंतीवर आम्हीच रंगवला होता. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ही टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, फोन फुकट लागतो, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. गावात रेंज नाही, म्हणून मी वरच्या पाण्याच्या टाकीजवळ जाऊन फोन केला. पलीकडच्या बाईंनी घाई न करता सगळं ऐकून घेतलं. औषध घराबाहेर काढा, त्यांना एकटं ठेवू नका, जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, असं सांगितलं. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे त्यांना सरळ विचारा म्हणाल्या. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल, अशी माझीच समजूत होती. तसं होत नाही. उलट, विचारल्यावर माणसाला मोकळं व्हायला वाट मिळते. मी विचारलं. ते बराच वेळ रडले. दुसऱ्या दिवशी त्यांचे भाऊ त्यांना बीडला घेऊन गेले. उपचार चालू आहेत.

त्या फोनचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण तो नंबर तीन आठवडे भिंतीवर होता आणि मुलगा तीन आठवडे माझ्यासमोर पोट धरत होता. दुखणं पोटात नाही हे ज्याला ओळखता येईल असा माणूस शाळेत यायला हवा, एवढंच मागायला मी लिहिते आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संपर्क ठेवायचा. आता आमच्या डोंगरपट्ट्यातल्या शाळा बघा. कुठे पट ३०, कुठे ४५, आमचा ५८. तांड्या-वस्त्यांवरच्या, ऊसतोड कामगारांच्या, कोरडवाहू शेतकऱ्यांच्या शाळा शंभराच्या आतल्याच. जिथे घरातला ताण लेकरू दप्तरासोबत घेऊन येतं, तिथेच समुपदेशक नाही. आणि 'औपचारिक संपर्क' म्हणजे आमच्याकडे एक फाइल होईल, तिच्यावर जावक क्रमांक पडेल.

म्हणून पट एकेका शाळेचा न धरता केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा धरा. एका केंद्रात पुष्कळ शाळा येतात, त्यांचा मिळून पट शंभराच्या कितीतरी वर जातो. दर केंद्राला एक समुपदेशक द्या आणि प्रत्येक शाळेचा त्यांचा वार ठरवून द्या. आठवडी बाजाराचा वार जसा लहान पोरालाही पाठ असतो, तसा हा वार गावाला पाठ झाला पाहिजे. महिन्यातून एकदा गाडी येते, बॅनर लागतो, फोटो निघतो, तशा भेटीत लेकरू तोंड उघडत नाही. तीच ताई चार-सहा वेळा दिसली, खिचडी खाताना शेजारी बसली, की मग बोलतं.

कृपा करून हे काम शिक्षकांच्याच गळ्यात मारू नका. आमच्यातला एक जण मतदार याद्यांत असतो, दुसरा ऑनलाइन माहिती भरण्यात. आम्हाला लक्षणं ओळखण्याचं दोन दिवसांचं चांगलं प्रशिक्षण द्या, ते आम्ही मनापासून घेऊ. पण ओळखल्यानंतर लेकराला कुणाच्या हाती सोपवायचं? आपल्या विभागाने २०२४मध्ये सुरू केलेला 'आनंददायी शनिवार' आम्ही राबवतो आणि मुलांना तो आवडतो. गोलात बसून मुलं मनातलं बोलायला लागली आहेत. एका मुलीने सांगितलं, वडील रात्री पिऊन आले की ती धाकट्या भावाला घेऊन मंदिरात झोपते. ते ऐकून घेतलं. सोमवारी तिच्यासाठी माझ्याकडे काय होतं? ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं. पण तिथे जायला एसटी दिवसातून दोनदा, आणि सोबत कोण जाणार, तर तेच वडील.

गुटख्याचंही असंच आहे. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायची नाही असा कायदा आहे. तरी सहावीतल्या पोराच्या दप्तरात पुडी सापडली. मी त्याला उभं केलं, बोलले. नंतर त्याच्या आजीने सांगितलं, फडावर पहाटेपासून काम असतं, भूक मरावी म्हणून मोठी माणसं तंबाखू धरतात, तो तिथेच शिकला. टपरीवर कारवाई झालीच पाहिजे. पण या पोराची सवय मोडायला दंडाची पावती पुरणार नाही, त्याच्याशी महिनोन्महिने कुणीतरी बोलत राहावं लागेल.

आणि आमची हुशार मुलं दहावीनंतर 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला जातात. काहींच्या आया सोबत खोली करून राहतात, त्यासाठी घरचं रान विकलेलं असतं. गुणांवरून तुकड्या पाडू नका, हेही न्यायालयाने त्याच निकालात सांगितलं आहे. ते शिकवणीवर्गांत पाळलं जातंय का, हे बघायला आपली माणसं पाठवा.

गावात अजून 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणतात आणि आधी देवाला नेतात. मी त्यांना हसत नाही. देवस्थान दोन मैलांवर आहे, डॉक्टर सत्तर किलोमीटरवर. जे जवळ, तिथे माणूस जातो.

तो मुलगा आता साडेअकराला उठत नाही. औषधाचा डबा त्याच्या चुलत्यांकडे कुलपात आहे. वडिलांना दर महिन्याला बीडला जावं लागतं, त्या दिवशी तो शाळेत येत नाही, सोबत जातो.

आमच्या केंद्राच्या गावचा बाजार गुरुवारी असतो. त्या दिवशी वस्त्यांवरच्या आयाबाया आणि म्हाताऱ्या खाली येतातच. ताईंना केंद्रशाळेसाठी गुरुवार दिला, तर घरच्यांशीही त्यांचं बोलणं होईल. बसायला शाळेची मागची खोली आहे. तिथलं पोषण आहाराचं धान्य दुसरीकडे हलवायला मुख्याध्यापक तयार आहेत.

आपली विश्वासू,
एक जिल्हा परिषद शिक्षिका
बीड जिल्हा