चित्रासमोर चौदा मिनिटं

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात नाटकाचं पान वेगळं आणि चित्रप्रदर्शनांची छोटी चौकट वेगळी, ही दोन्ही मी गेली कित्येक वर्षं नेमाने वाचतेय, पण गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी ह्या दोन्ही गोष्टी मी एकाच खोलीत बघितल्या आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून हे पत्र. थोडं मोठं होईल, पण छापता आलं तर नक्की छापा.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी शाळेत २९ वर्षं चित्रकला शिकवली, एलिमेंटरी इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षांना मुलं बसवली, वस्तुचित्र स्मरणचित्र करून घेतलं, आणि दरवर्षी आठवी-नववीतली चाळीसेक मुलं घेऊन डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटी आणि तिथून चालत काळाघोडा, जहांगीर आर्ट गॅलरीला न्यायचे. मुलं आत शिरायची, चारही हॉल दहा मिनिटांत संपवून बाहेर पायऱ्यांवर येऊन डबा उघडायची. मी त्यांना कधी ओरडले नाही, कारण मोठी माणसंही तेच करतात, भिंतीकडेनं चालत राहतात, चित्रापेक्षा बाजूच्या चिठ्ठीवरची किंमत जास्त वेळ बघतात आणि बाहेर आल्यावर म्हणतात, छान होतं, पण आपल्याला त्यातलं काही कळत नाही बुवा. हे "आपल्याला कळत नाही" मी इतक्या वेळा ऐकलंय आणि दर वेळी मला मनापासून वाईट वाटलंय, कारण हीच माणसं प्रायोगिक नाटकाला जाऊन येतात आणि शेवट असाच का केला ह्यावर घरी येईपर्यंत लोकलमध्ये भांडतात. तिथे कोणी म्हणत नाही की मला नाटकातलं कळत नाही!

तर तो शनिवार. एक छोटी खासगी गॅलरी, फार तर दोन खोल्या, पस्तीसेक माणसं, बसायला प्लास्टिकची स्टुलं आणि पुढे खाली सतरंजी. भिंतीवर एक जलरंगातलं चित्र, वाड्याच्या उंबऱ्यात बसून एक बाई सुपात तांदूळ निवडतेय. मी अर्धा तास आधी पोचले होते म्हणून ते चित्र नीट बघून घेतलं होतं, पातळ रंगाचा वॉश कसा सोडलाय, कागदाचा पांढरा कुठे राखलाय, सगळं. मग नाटक सुरू झालं. दोनच पात्रं, एक फ्रेमवाला आणि एक मुलगी, चित्रातल्या बाईची नात. फ्रेमवाला खिशातून मेजरिंग टेप काढतो आणि चित्राला हात न लावता हवेतच माप घेतो, म्हणतो माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, नवीन टाकायचं तर चारही बाजूंनी दोन इंच घ्यावं लागेल, खाली सही झाकली जाईल. मुलगी म्हणते, सही झाकली तरी चालेल, हात झाकू नका. तो म्हणतो हातात काय एवढं? आणि ती म्हणते, "डाव्या हातात एकच बांगडी आहे, बघा ना."

त्या क्षणी खोलीतल्या सगळ्या माना एकदम नटांकडून चित्राकडे वळल्या. माझीही वळली. आणि खरंच एकच बांगडी होती, उजव्या हातात चार आणि डाव्या हातात एक, आणि मी अर्धा तास बघूनही मला ती दिसली नव्हती. फ्रेमवाला म्हणतो चित्रकार विसरला असेल, मुलगी म्हणते तो कसा विसरेल, बाकीच्या त्याच आठवड्यात सोनाराकडे गेल्या होत्या, आजोबांच्या औषधाला. आता ही गोष्ट नाटककाराने रचलेली, चित्रकाराच्या मनात काय होतं कोणास ठाऊक, पण ती एक बांगडी कोणीतरी इतकं निरखून बघितली की त्यातून अख्खं नाटक निघालं. चौदा मिनिटांत संपलं. टाळ्या झाल्या, आणि मग एकही माणूस दाराकडे गेला नाही, सगळे उठून चित्राजवळ गेले, एक आजोबा चष्मा काढून अगदी जवळून बघत होते आणि त्यांच्या बाजूला एक कॉलेजची मुलगी सुपातले तांदूळ बघत होती, तिला त्यात एक लाल खडा दिसला. तो मला तोपर्यंत दिसला नव्हता. नाटकातही त्याचा उल्लेख नव्हता, तो तिचा तिने शोधला. २९ वर्षं मला वर्गात जे हवं होतं ते हेच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या गॅलऱ्या सरकारी आहेत किंवा ट्रस्टच्या आहेत त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ अशा छोट्या नाटकांना द्यावी, दहा ते पंधरा मिनिटांची, मराठीतली, आणि तिथे त्या वेळी लागलेल्या चित्रांवरच लिहिलेली. कुठलंही नाटक उचलून गॅलरीत नेऊन करा असं मी म्हणत नाहीये, ते मी बघितलंय आणि ते वाईट होतं, चित्रं नुसती मागे पडद्यासारखी लटकत राहतात आणि नट त्यांच्याकडे पाठ करून एक तास बोलतात. त्यापेक्षा साधं नाट्यगृह बरं.

ह्याला कोणी परदेशी फॅड म्हणेल म्हणून सांगते, हे आपल्याकडे फार जुनं आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजातले कलाकार पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी करत आलेत, एकेक चित्र उभं धरायचं, वीणा, हुडूक आणि टाळांच्या साथीने त्या चित्रातला रामायण-महाभारताचा प्रसंग गाऊन बोलून सांगायचा, पात्रांचे संवाद म्हणायचे, मग पुढचं चित्र. तिथले परशुराम गंगावणे, ज्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी तर आपल्या गोठ्याचंच म्युझियम केलंय. चित्र आणि नाटक एकाच माणसाच्या हातात, मध्ये भिंतच नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे आणि त्या पडद्यांचं लोकांना केवढं कौतुक होतं हे आमच्या आजीकडून मी ऐकलेलं आहे. आणि मुंबईतच वॉर्डन रोडवर समुद्राकाठी भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती, तिथे चित्रकार गायतोंडे, हुसेन ह्यांचे स्टुडिओ आणि त्याच आवारात नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या थिएटर युनिट ह्या संस्थेच्या तालमी, शिवाय रविशंकरांची सतारीची शाळा. अल्काझी स्वतः चित्रं काढायचे, आणि पुढे दिल्लीत त्यांनी आणि त्यांच्या पत्नी रोशन अल्काझींनी गॅलरीही काढली. चित्रकार नाटकाच्या तालमीत डोकावतोय, नट स्टुडिओत जाऊन बसतोय, असं सगळं एका छताखाली होतं, ते गेलं आणि मग नाटकवाले एकीकडे, चित्रवाले एकीकडे.

मुंबईतल्या एनजीएमएचंच, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचंच घ्या ना. १९९६ साली तिथे गॅलरी झाली, पण ती इमारत म्हणजे १९११ चा सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल, तिथे सभा व्हायच्या, गाण्याचे कार्यक्रम व्हायचे. म्हणजे त्या वास्तूला माणसाचा आवाज नवीन नाही.

आणि विषयांना काय तोटा आहे! जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली १९५२ ला. त्यानंतर दोनच वर्षांत, १९५४ साली, पॅरिसहून आलेल्या सव्विशीतल्या अकबर पदमसींचं तिथे प्रदर्शन लागलं आणि 'लव्हर्स' ह्या चित्रावर अश्लीलतेचा खटला झाला. पोलिसांनी चित्र उतरवा म्हणून सांगितलं, ते नाही म्हणाले, कोर्टात उभे राहिले आणि निर्दोष सुटले. ह्याच्यावर पंधरा मिनिटांचं नाटक त्याच जहांगीरमध्ये, एका रिकाम्या खिळ्यासमोर झालं तर? एक तरुण चित्रकार, एक हवालदार आणि भिंत, मला तर लिहितानाच काटा येतोय. किंवा म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी' ही मूर्ती, १८९६, गणपतराव म्हात्रे तेव्हा जेजेत, म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, शिकत होते, विद्यार्थी होते हो, आणि प्लास्टरमध्ये अशी बाई घडवली की अजून लोक तिच्या लुगड्याच्या चुण्या बघत उभे राहतात. तिच्यासमोर दोन मुलं येऊन नुसतं एवढंच बोलली की ही निघालीय कुठे, घरून काय सांगून निघालीय, तरी नाटक होईल. लोणावळ्याजवळ मळवलीला राजा रविवर्म्यांचा छापखाना होता, चित्रं दगडावरून छापायची, एकेका रंगाला एकेक दगड, लक्ष्मीच्या साडीचा लाल रंग एका दगडावरून आणि अंगाचा रंग दुसऱ्यावरून, तिथल्या कामगारांवर कोणी लिहिलंय का? आपल्या सगळ्यांच्या आज्यांच्या देवघरात तीच चित्रं होती.

आता गॅलरीवाल्यांची बाजू. मला ती माहितीय आणि ती खोटी नाही. कागदावरच्या जलरंगाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपासच उजेड चालतो, तैलचित्राला दोनशेपर्यंत, त्यामुळे नाटकाचे मोठे हॅलोजन तिथे लावायचेच नाहीत, गॅलरीचे जे दिवे आहेत त्यातच करायचं. धूर नाही, पाणी नाही, अगरबत्ती नाही. रंगकर्मींना हे जड जाईल, पहिल्या प्रयोगाला नारळ फोडल्याशिवाय आपलं पाऊल पुढे पडत नाही, पण नारळ बाहेर पायरीवर फोडा आणि आत या, देव काही रागावणार नाही. आवाज घुमतो, गुळगुळीत फरशी आणि कोऱ्या भिंती, म्हणून नाट्यगृहात फेकतात तसा आवाज फेकायचा नाही, घरात बोलतो तसं बोलायचं, आणि खाली सतरंजी घातली की अर्धं काम होतं. माणसं चाळीसच्या वर नकोत, माणसांच्या श्वासानेसुद्धा दमटपणा वाढतो आणि कागदाला तो सोसत नाही. चित्रापासून नटाने किती लांब राहायचं ती पट्टी आधीच खाली चिकटवा. ह्या सगळ्या अटी नाटकवाले आनंदाने पाळतील, ज्यांनी दादरला छबिलदासच्या शाळेच्या हॉलमध्ये इतकी वर्षं नाटकं केली त्यांना सोयीचं कौतुक नव्हतंच कधी. जागा मिळाली हेच खूप होतं, आणि आज पोरांना तीच मिळत नाही.

परवानगीचा एक मुद्दा मात्र सरकारने बघावा. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पण प्रदर्शन लागतं आठवडाभर, चित्रं भिंतीवर चढल्यावर ती बघून नाटक लिहायचं, बसवायचं आणि त्याच आठवड्यात करायचं, तर कागद कधी पाठवणार आणि उत्तर कधी येणार? इतक्या छोट्या, विनातिकीट, चाळीस माणसांच्या प्रयोगासाठी काहीतरी सोपी वाट हवी. सांस्कृतिक कार्य विभागाने मनावर घेतलं तर हे अवघड नाही.

एक जुनी गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहिते. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या मुलांनी एका चित्रावर बारा मिनिटांची नाटिका लिहिली होती, नववीतल्या मुलांनी स्वतः. ज्या गॅलरीत ते चित्र होतं तिथे मी तीनदा जाऊन विनंती केली, की दुपारी गर्दी नसताना, चित्राला कोणी हात लावणार नाही, मी स्वतः मध्ये उभी राहते. तिसऱ्या वेळी मला सांगितलं की बाई, इथे लोक चित्रं बघायला येतात, नाटकासाठी नाट्यगृहं आहेत. नाव लिहीत नाही, त्याने काही साधणार नाही. मुलांनी मग ती नाटिका शाळेच्या व्हरांड्यात केली, त्या चित्राचा मोबाईलवरून काढलेला प्रिंट सुतळीला चिमट्याने टांगून, आणि वारा आला की प्रिंट फिरायचा आणि जी मुलगी बोलत असायची ती न थांबता हाताने तो सरळ करून पुढचं वाक्य म्हणायची. त्या मुलीने आता जेजेत ॲडमिशन घेतलीय. त्या शनिवारी तिलाच फोन करून बोलावलं होतं, आम्ही दोघी शेजारी बसलो होतो.

आपल्याकडे एकांकिका लिहिणारी पोरं किती आहेत बघा. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, दरवर्षी भरत नाट्य मंदिरात ती मुलं जीव तोडून नाटकं करतात, स्पर्धा संपली की सेट गोडाऊनला आणि संहिता कपाटात. ह्यांच्यापैकी चार ग्रुपना नुसतं एकेका चित्रासमोर नेऊन बसवा आणि सांगा, तासभर हेच बघा आणि मग लिहा. औंधच्या संग्रहालयात बसवा, तिथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी राजा असून स्वतः चित्रं काढली आणि जगभरातून जमवलीही, सातारा जिल्ह्यातल्या त्या टेकडीवर हेन्री मूरचं शिल्प आहे हे किती जणांना माहितीय? रहिमतपूर, कोरेगावच्या कॉलेजची मुलं तिथे करू शकतील. मुंबईतच व्हायला हवं असं काही नाही.

तुमच्या पेपरमार्फत एखाद्या गॅलरीने हे वाचलं आणि एक संध्याकाळ द्यायची ठरवली तर मुलांना आणायची, बसवायची, पट्टीच्या आत उभं करायची आणि नंतर सतरंजी झाडून घडी घालायची जबाबदारी माझी. शनिवार मोकळा आहे, आणि ती जेजेची मुलगी पण येते म्हणालीय. तिने ते तांदळाचं चित्र परवा पुन्हा जाऊन बघितलं, आणि मला मेसेज केला की बाई, खडा एक नाहीये, दोन आहेत.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
डोंबिवली पूर्व