हनुमान जयंतीच्या महाप्रसादापूर्वी अन्नसुरक्षेबाबत रहिवाशांची बैठक घेण्याविषयी

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, मनीषनगर, नागपूर

विषय : सामूहिक भोजनातील अन्नाची सुरक्षितता आणि त्याबाबत रहिवाशांत जागृती

महोदय,
सप्रेम नमस्कार.

येत्या हनुमान जयंतीला नेहमीप्रमाणे आपल्या आवारात महाप्रसाद होणार असल्याचे नोटीस बोर्डावर वाचले. माझी वर्गणी मी भरली आहे आणि वाढायलाही दरवर्षीसारखी उभी राहणार आहे. मात्र मागील वर्षी जे घडले त्याचा उल्लेख समितीच्या इतिवृत्तात कुठेही आलेला नाही, म्हणून ते लेखी कळवणे मला आवश्यक वाटते.

मागील वर्षी केटररने भात सकाळी सातच्या आत शिजवून ठेवला होता. आरती लांबली, पाहुणे उशिरा आले, पहिली पंगत साडेबाराला बसली आणि शेवटची उठेपर्यंत चार वाजले. तोवर भाताचे गंज पार्किंगमधल्या पत्र्याच्या शेडखाली ताडपत्रीने झाकलेले होते. शेवटच्या पंगतीसाठी मी ताडपत्री बाजूला केली तेव्हा वरचा थर गार लागला, पण झारा खोल घातल्यावर आतून कोमट वाफ हाताला आली. वास चांगला होता, शिते मोकळी होती, चवही बिघडलेली नव्हती. तो भात मी माझ्या हाताने वाढला आणि उरलेला, तितक्याच आपुलकीने, आपले सुरक्षारक्षक व झाडझूड करणाऱ्या ताई यांच्या डब्यांत भरून दिला.

त्या संध्याकाळी शेवटच्या पंगतीतल्या पाच जणांना उलट्या सुरू झाल्या. रक्षकदादांच्या घरी त्या भाताला फोडणी देऊन तो रात्री मुलांना वाढला होता, आणि त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला सलाईन लावावे लागले. पहिल्या पंगतीतल्या कुणालाही काही झाले नाही. आपण सर्वांनी ‘ऊन लागले असेल’ असे म्हणून विषय सोडून दिला. अन्नाचा नमुना कुणी ठेवलेला नसल्याने कारण सिद्ध करता आले नाही, पण ही सारी लक्षणे शिळ्या भाताशी इतकी जुळतात की मला ती दुर्लक्षिता येत नाहीत.

तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात मोठ्या भांड्यात हळूहळू निवत राहिला की ते रुजतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. ते पोटात गेल्यावर साधारण सहा तासांच्या आत उलट्या होतात. हे विष एकदा तयार झाले की घरच्या शेगडीवर कितीही गरम केले तरी जात नाही, त्यामुळे फोडणीचा तो उपयोग होत नाही जो आपण सारे गृहीत धरतो. शिवाय वासावरून किंवा चवीवरून ते ओळखूही येत नाही. मी ३१ वर्षे शाळेत शिकवले आणि पोषण आहार वाटण्याआधी नियमाप्रमाणे अनेकदा त्याची चव घेतली. चव घेणे चांगलेच, पण या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही. इथे घड्याळ पाहावे लागते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेले अन्न, झाकलेले असले तरी, दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेरच्या तापमानात ठेवू नये असे सांगितले जाते, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे चैत्रात दुपारी ४० अंश ही काही विशेष गोष्ट नव्हे.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, भात एकदम न शिजवता पंगतीगणिक शिजवावा, आणि वरण, भाजी शेगडीवरून न उतरवता वाफाळती ठेवावी. खर्च थोडा वाढेल, हे मान्य आहे. दुसरी विनंती मला सर्वांत महत्त्वाची वाटते : रक्षकदादा, सफाई करणाऱ्या ताई आणि माळीकाका यांना पहिल्याच पंगतीत मानाने बसवावे आणि त्यांच्या घरचे डबेही त्याच वेळी ताज्या अन्नाने भरून द्यावेत. चार वाजता जे आपण स्वतः खाणार नाही ते दुसऱ्याच्या लेकरासाठी बांधून देण्याची पद्धत या वर्षी बंद व्हावी, अशी मी कळकळीने विनंती करते.

केटरर ठरवताना त्याच्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक मागावा; १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणे बंधनकारक आहे. मठ्ठ्यात टाकण्याचा बर्फ कुठून येतो तेही विचारावे, कारण खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून असला तरी पांढरा दिसणारा प्रत्येक बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल असे नाही. बुंदी वर्तमानपत्रात बांधू नये. शाई अन्नाला लागते. प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून, त्यावर वेळ लिहून, ४८ तास फ्रिजमध्ये ठेवावी. माझा फ्रिज त्यासाठी उपलब्ध आहे.

प्रसादाविषयी असे प्रश्न विचारणे काही ज्येष्ठांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. परंतु आपण नैवेद्यासाठी सोवळ्याने स्वयंपाक करतो, भांडी वेगळी ठेवतो, हात धुऊनच चुलीजवळ जातो. तीच काळजी शेवटच्या ताटापर्यंत न्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

७ जून हा जागतिक अन्नसुरक्षा दिन असतो आणि त्या निमित्ताने एखादा कार्यक्रम घेता येईल, पण तोवर महाप्रसाद होऊन गेलेला असेल. म्हणून येत्या रविवारी सायंकाळी सहा वाजता हॉलमध्ये तासाभराची बैठक बोलवावी आणि तिला स्वयंपाकाची जबाबदारी घेणारे रहिवासी, केटरर व आपले कर्मचारी या सर्वांना निमंत्रण द्यावे. अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयातील एखाद्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना समितीच्या लेटरहेडवर विनंतीपत्र द्यावे. ते नेऊन देण्याची आणि पाठपुराव्याची जबाबदारी मी घेते. ते येऊ शकले नाहीत, तर विषय मी स्वतः मांडेन.

हॉल त्या वेळी मोकळा आहे का, हे शुक्रवारपर्यंत कळवावे, म्हणजे प्रत्येक विंगमध्ये घरोघरी निरोप देता येईल.

आपली नम्र,
रहिवासी, ब विंग, सदनिका क्र. ३०२
(सेवानिवृत्त शिक्षिका)